पिठाच्या डब्यातला विंचू

सिडको, छत्रपती संभाजीनगर
वैशाखातला एक मंगळवार (उन्हाबद्दल विचारू नये)

तीर्थरूप काकासाहेबांच्या चरणी हेमचंद्राचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात घातला आहे, प्रत्यक्ष घातला तर गुडघे परत उठू देत नाहीत, हे तुम्ही जाणताच). तुमची प्रकृती, वहिनींची कंबर आणि वाईच्या घाटावरचं कृष्णेचं पाणी हे तिन्ही जागच्या जागी असतील अशी आशा करतो. इकडे सर्व क्षेम आहे. माझी तब्येत उत्तम आहे. अंघोळ परवा झाली.

तुम्ही म्हणाल, हेमचंद्रांना आज एकाएकी पत्र लिहायची हुक्की का आली? तर त्याचं कारण असं की तुमची धाकटी बहीण, म्हणजे आमची दमयंती, गेल्या आठवड्यात दोन भल्यामोठ्या बॅगा भरून तुमच्याकडे आली आहे, आणि परत कधी येणार हे तिनं मला सांगितलेलं नाही. मीही विचारलेलं नाही. (विचारायला तोंड हवं, ते का नाही हे पुढे येईलच.) फोन करतो, तर तो वहिनी उचलतात आणि म्हणतात, 'वन्सं मागीलदारी आहेत.' सकाळी केला तरी मागीलदारी, दुपारी केला तरी मागीलदारी. आता माणूस इतका वेळ मागीलदारी काय करतो, काकासाहेब? मी काय समजायचं ते समजलो. आणि बॅगांत तिनं काय नेलं म्हणता? खिडक्यांचे पडदेसुद्धा नेले! ज्या बाईला परत यायचं असतं ती पडदे घेऊन जाते का, हे तुम्हीच मला सांगा. सध्या समोरच्या इमारतीतले लोक मला जेवताना बघतात आणि मी त्यांना. आमटीत मीठ जास्त झालेलं तिकडच्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळतं.

या सगळ्याचं मूळ तुमचे चिरंजीव शंतनू आहेत. तक्रार म्हणून सांगत नाही, गुणी मुलगा आहे. तुम्ही त्याला पुण्याला सिनेमा शिकायला पाठवलंत तेव्हा मी तुम्हाला वेड्यात काढलं होतं, तेही मी मागे घेतो. तो महिन्यापूर्वी कॅमेऱ्याची काळी पेटी घेऊन आमच्याकडे उतरला आणि म्हणाला, 'आत्या, मला तुमच्या स्वयंपाकघरात एक थरारपट करायचाय.' दमयंतीला वाटलं, हा काहीतरी खायचा पदार्थ आहे. तिनं रवा भाजायला घेतला.

रव्याचा शिरा झाला, तो खाताखाता शंतनूनं आम्हाला थरारपटाचं शास्त्र सांगितलं. तुम्ही बापलेक एकमेकांशी फारसं बोलत नाही म्हणून तुमच्या कानावर घालतो. तो म्हणतो, प्रेक्षकाला दचकवणं सोपं, टांगून ठेवणं अवघड. समजा आत्याच्या पिठाच्या डब्यात विंचू आहे. तो एकदम बाहेर आला, तर प्रेक्षक एकदा 'आई गं' म्हणेल आणि खिशातले दाणे खायला लागेल. पण समजा तो विंचू डब्यात शिरताना प्रेक्षकानं आधीच पाहिलाय आणि आत्यानं नाही. मग आत्या पदर खोचते, पोळपाट घेते, डब्याचं झाकण काढते, तेवढ्यात शेजारीण हाक मारते, आत्या झाकण लावते, गप्पा मारते, परत येते, परत झाकण काढते... आता तिनं नुसता हात पुढे केला तरी प्रेक्षकाचा जीव वर-खाली होतो. जे होणार आहे ते प्रेक्षकाला ठाऊक आणि पडद्यावरच्या माणसाला नाही, यात सगळी गंमत आहे. शिवाय वेळ ताणायचा, मधूनमधून झाकण मोठं करून दाखवायचं, आणि गाणंबजावणं बंद करून बारीकसा एकच आवाज ठेवायचा. मी तर ऐकूनच शिऱ्याचा चमचा हातात धरून बसलो होतो. दमयंती उठली, आत गेली, पिठाचा डबा उलटा करून सगळं पीठ तिनं गच्चीवर उन्हात पसरलं आणि परत येऊन म्हणाली, 'काही नाही त्यात. सांग पुढे.'

तर शंतनूची गोष्ट अशी. एक बाई घरात एकटी. नळ सुरू करून भांडी घासते आहे. पाण्याच्या आवाजात तिला मागच्या दाराची कडी वाजलेली ऐकू येत नाही. प्रेक्षकाला दिसतं, दार हळूहळू उघडतंय, खुनी आत येतोय. बाई आपली घासतेच आहे. बाईच्या कामाला दमयंतीला उभं केलं (ती आधी नको म्हणाली, मग नवी साडी नेसून आली, मग शंतनूनं ती बदलायला लावली, मग थोडं रडणं झालं). मला 'संशयित' केलं. प्रेक्षकांचा संशय भलत्याच माणसावर जावा म्हणून थरारपटात एक असा माणूस ठेवतात, म्हणे. मी जिन्यात उभं राहून वर्तमानपत्राआडून वाईट नजरेनं बघायचं. मी तीन दिवस आरशासमोर वाईट नजर बसवली. चित्रीकरणाच्या वेळी जिन्यातून जाणारा प्रत्येक जण मला 'काका, पोट बिघडलंय का?' असं विचारून गेला.

खुनी मात्र असा मिळाला की शंतनू आनंदानं नाचला. आमच्या कॉलनीला टँकरनं पाणी देणारे मल्हारराव. सहा फूट उंची, कानापर्यंत मिशा, डोक्याला लाल रुमाल, आणि बघणं असं की रस्त्यावरची कुत्री वाट सोडतात. बायपासला आता जिथं बारा-बारा मजले उभे राहिलेत तिथं त्यांच्या वडिलांची मेंढरं चरायची. आता मेंढरं गावाकडे बानाबाई, म्हणजे त्यांची बायको, सांभाळते आणि हे शेंद्र्याच्या बाजूच्या विहिरीवरून त्याच मजल्यांना पाणी वाहतात. स्वभावानं माणूस खडीसाखर. त्यांच्या हातात चंदेरी कागद चिकटवलेला पुठ्ठ्याचा कोयता दिला तेव्हा ते कळवळून म्हणाले, 'सायब, वहिनीला म्या कोयता कसा दावू? पाप लागंल की वो!' शंतनूनं त्यांना हळू चालायला सांगितलं, कारण थरारपटातला खुनी कधी घाईत नसतो. त्यावर म्हणाले, 'हळू चालाया नाय जमत बगा. मागं लायनीत लई सोसायट्या हायेत.'

आणि मग ती अडचण आली, जी शंतनूच्या पुण्याच्या शाळेतल्या कुठल्याही गुरुजींना सुचली नसती. काकासाहेब, तुम्हाला वाईत बसून याची कल्पना यायची नाही. तुमच्याकडे नळ फिरवला की पाणी येतं, हा तुम्ही निसर्गनियम समजता. आमच्याकडे नळाला पाणी येतं आठवड्यातून एकदा, शनिवारी. त्यात गेल्या वर्षी पाऊस नाही, आणि शहर बघाल तर चहूकडे वाढतंच आहे. शनिवारी आम्ही लग्नाची आमंत्रणं नाकारतो. छपरावरची आपापली टाकी भरून घ्यायची आणि पुढचा आठवडा त्यावर काढायचा. डाळ धुतलेलं पाणी तुळशीला, तांदूळ धुतलेलं कढीपत्त्याला. अशा घरातली बाई कॅमेऱ्यासमोर उभी केली आणि सांगितलं की नळ सोडून द्या आणि मागे वळा. दमयंती वळली. पण वळण्याआधी तिनं नळ बंद केला. शंतनू म्हणाला, 'आत्या, बंद नाही करायचा.' पुन्हा घेतलं. पुन्हा तिचा हात आपोआप मागे गेला आणि नळ बंद. मल्हाररावांनी मानेजवळ कोयता आणला तरी ती आधी नळ बंद करायची आणि मग किंचाळायची! शेवटी शंतनूनं हात जोडले, तेव्हा तिनं नळ सुरू ठेवला खरा, पण खाली बादली लावली, आणि खुनी अंगावर येत असताना तिची नजर बादली भरली का याच्यावर. एकदा तर खुद्द खुन्यानंच नळ बंद केला. विचारलं तर म्हणाले, 'ऱ्हावलं नाय. लई जीव तुटतो.'

इथं माझी बुद्धी चालली, आणि तिथंच घात झाला. मी शंतनूला बाजूला घेऊन म्हणालो, अरे, तुझं शास्त्रच वापर की. प्रेक्षकाला ठाऊक, बाईला नाही! दमयंती चहा करायला वळली तेवढ्यात आम्ही तोटीच्या आतला भाग काढून टाकला आणि मूठ नुसती वर बसवून ठेवली. कितीही फिरवा, पाणी थांबणार नाही. अर्थात पाणी वाया जाऊ नये म्हणून टाकीकडून येणारा कॉक, जो मागच्या गॅलरीत आहे, तो मी बंद करून तिथंच उभा राहणार होतो. शंतनूनं खूण केली की उघडायचा, पाच-दहा श्वास जाऊ द्यायचे, की बंद. बँकेत लॉकर सांभाळलेल्या माणसाला यात अवघड ते काय?

खूण झाली. मी कॉक उघडला. गॅलरीच्या खिडकीतून मला सगळं दिसत होतं. मागचं दार हळूच उघडलं. मल्हाररावांची सावली फरशीवर पडली. दमयंती घासते आहे. तिनं नळ बंद करायला हात नेला. मूठ फिरली. पाणी चालूच. तिनं पुन्हा फिरवली. पाणी चालूच. मल्हारराव एक पाऊल पुढे. तिनं दोन्ही हातांनी फिरवली, आणि मूठ तिच्या हातात आली! काकासाहेब, तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे काही उमटलं ना, ते मी लग्न झाल्यापासून पाहिलं नव्हतं, आणि आमचं लग्न कसं झालं हे तुम्ही पाहिलेलं आहे. ती 'पाणीऽऽऽ' करून अशी ओरडली की कॉलनीतली कबुतरं उडाली. मल्हारराव कोयता टाकून धावले, डोक्याचा लाल रुमाल काढून तोटीत कोंबायला लागले. तिनं पातेली लावली, परात लावली, कुकर लावला, तुमच्या आईनं रुखवतात दिलेली पितळी कळशी माळ्यावरून ओढली. भर गर्दीत शंतनू शांतपणे कॅमेरा फिरवत होता. आणि मी? मी खिडकीची जाळी दोन्ही मुठींत धरून, तोंड उघडं टाकून बघत होतो. पुढे काय होतंय, पुढे काय होतंय, या विचारात मी इतका बुडालो की कॉक बंद करायचाय, आणि तो मीच करायचाय, हे डोक्यातच आलं नाही. नळाचं पाणी आपोआप थांबलं तेव्हा मला हायसं वाटलं. मग कळलं की टाकी संपली होती. शनिवार कालच होऊन गेला होता.

दमयंतीनं सगळी भरलेली भांडी झाकून ठेवली, मल्हाररावांना चहा दिला, त्यांचा रुमाल पिळून त्याचं पाणी कुंडीत घातलं आणि बॅगा काढल्या. सकाळच्या गाडीनं वाईला निघाली. जाताना एवढंच म्हणाली, 'पाणी आहे तिथं जाते.' या वाक्याचा मी रोज वेगळा अर्थ लावतो, आणि रोजचा अर्थ कालच्यापेक्षा वाईट निघतो.

पण सिनेमाचं काय झालं, हे ऐकाच. शंतनूनं तो कापून-जोडून तयार केला आणि परवा दिवेलागणीला गच्चीवर कॉलनीला दाखवला. शहागंजमधून दाखवायचं यंत्र भाड्यानं आणलं. पडद्यासाठी पांढरी चादर काढायला गेलो तर कपाटात एकही चादर नाही. त्याही नेल्या! पलंगपोस नाहीत, उशांचे अभ्रे नाहीत. (मी तेव्हा कपाटाच्या दाराला टेकून थोडा वेळ उभा राहिलो. घर असं रिकामं करून जायचं असतं का, काकासाहेब?) शेवटी खालच्या मजल्यावरच्या साळूबाईंनी त्यांची चादर दिली. तिच्यावर कोपऱ्यात हळदीचा डाग आहे, त्यामुळे आमच्या सिनेमात सगळीकडे एक सूर्य दिसतो.

सिनेमा सुरू झाला. जिन्यात मी वाईट नजरेनं बघतोय, त्यावर कुणीतरी म्हणालं, 'काका रोजच्यासारखेच आलेत.' ते असो. मग मागचं दार उघडलं, भीषण संगीत सुरू झालं, दारात मल्हारराव. आणि अख्ख्या गच्चीनं टाळ्या वाजवल्या! 'आला, आला! मल्हारराव आला!' दोन बायका सवयीनं घागरी आणायला जिन्याकडे पळाल्या. आमच्या कॉलनीत त्या माणसाला कोण भिणार हो? त्याची वाट बघण्यात आमचं अर्धं आयुष्य जातं. शंतनूनं कपाळावर हात मारला. मला वाटलं, बुडाला सिनेमा. पण मग दमयंतीचा हात मुठीकडे गेला, मूठ फिरली आणि पाणी थांबलं नाही. गच्ची एकदम चिडीचूप झाली. शंतनूनं तिथं संगीत काढून नुसता पाण्याचा आवाज ठेवलाय. तेवढा एक आवाज आणि दोनेकशे माणसांचे श्वास. खुनी कोयता घेऊन मानेपाशी आला आहे, त्याच्याकडे कुणाचं लक्षच नाही! साळूबाई उभ्या राहून ओरडायला लागल्या, 'अगं बाई, बंद कर की! लई चाललंय!' मागून कुणीतरी, 'अरे भाई, नल बंद करो ना कोई!' एक आजोबा थेट पडद्यापाशी गेले आणि चादरीवर हात दाबून धरला. मूठ हातात आली तेव्हा बायका रडल्या. मल्हाररावांनी रुमाल काढून तोटीत कोंबला तेव्हा असा जयजयकार झाला की खाली रिक्षा थांबल्या. प्रत्यक्ष मल्हारराव शेवटच्या रांगेत बसून डोळे पुसत होते. 'लई वंगाळ वाटतंय वो,' म्हणाले, 'म्या तिथं हुतो, तरी वाटतंय.'

सिनेमा संपल्यावर सगळ्यांनी मला घेरलं, आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न, दमयंतीकाकू कुठं आहेत? त्यांना बोलवा, त्यांचा सत्कार करायचाय, नारळ आणलाय. मी म्हणालो, 'मागीलदारी आहेत.' घरी येऊन दिवा लावला, समोरच्या इमारतीनं मला बघितलं, मी त्यांना बघितलं. काकासाहेब, मला इथं अजिबात करमत नाही. चहा मी करतो तो चहा लागत नाही. नारळ देवापुढे ठेवला आहे. तिला एवढं सांगा की तिच्या किंचाळण्याची कॉलनीत फार तारीफ आहे.

वहिनींना नमस्कार. पत्राचं उत्तर नाही पाठवलंत तरी चालेल.

आपला आज्ञाधारक,
हेमचंद्र

ता.क. सहज आठवलं म्हणून लिहितो. शंतनूला दुसरा सिनेमा अजिंठ्याच्या पायथ्याला घ्यायचा आहे, तेव्हा आम्ही दोघं शुक्रवारी फर्दापूरला जातो आहोत, ते सोमवारी येऊ. घराला कुलूप असेल. शनिवारी नळाला पाणी येईल, त्याची काळजी नसावी. स्वयंपाकघरातली ती तोटी मी स्वतः दुरुस्त केली आहे. दोरा गुंडाळून, वर मेणबत्तीचं मेण लावलं आहे. छान बसली आहे असं वाटतं. गॅलरीतला कॉक बंद केला की उघडा ठेवला ते नीट आठवत नाही, पण तो अमुक एका बाजूला फिरवलाय हे नक्की.

ता.क. २. हा मजकूर फक्त तुमच्यासाठी, कृपया मोठ्यानं वाचू नये. वरचा ताजा कलम मात्र चहाच्या वेळी, दमयंती समोर असताना, सावकाश वाचावा. 'मेण' या शब्दापाशी थोडं थांबावं. फर्दापूर वगैरे सगळं खोटं आहे. नवी पितळी तोटी कारागिराकडून बसवून घेतली आहे. पण शनिवारी पाणी येणार, घराला कुलूप, आणि नळ मी दुरुस्त केलेला, एवढं कळल्यावर ती शुक्रवारच्या गाडीत बसली नाही तर मी माझं नाव बदलीन. शंतनूचं शास्त्र आहे, काकासाहेब: डब्यात विंचू ठेवायचा आणि वाट बघायची. मी शुक्रवारी दिवसभर स्टँडवर उभा राहतो. खाली टँकर आल्याचा आवाज येतो आहे, हंडे घेऊन जातो. वर आलो की पाकीट चिकटवतो.

ता.क. ३. दादा, शि. सा. नमस्कार. सुखरूप पोचले. हे खाली लायनीत उभे आहेत, टँकरच्या गर्दीत मला पाहिलंही नाही, पत्र टेबलावर उघडं होतं, सगळं वाचलं. मला वाटलं होतं तसंच आहे, यांना वाटतंय मी रागावून गेले! अरे, इथं महिनाभर एक चादर धुता आली नव्हती. टाकी रिकामी झाली तेव्हा म्हटलं, नाहीतरी आठवडा कोरडाच जाणार, तर सगळं धुणं तुझ्याकडे नेऊन घाटाच्या पाण्यावर एकदाचं काढावं. तुझ्या मागीलदारी किती दोऱ्या बांधल्या ते तू पाहिलंसच. पण तू यांना यातलं काही कळवू नकोस. आल्या आल्या पाहिलं तर ओटा लख्ख, भांडी विसळलेली, आणि देवापुढे नारळ. असेच आणखी थोडे दिवस टांगलेले बरे. पाकीट मीच चिकटवते आहे. एक काम कर. दिवाणखान्याचे पडदे घाईत दोरीवरच राहिले. शंतनू पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे येतोय, त्याच्याबरोबर पाठव. आणि येताना त्याच्या कॅमेऱ्याच्या काळ्या पेटीत गाद्यांच्या खोळी आणि यांची शाल भरून देते आहे, तेवढ्या वहिनीला धुवायला सांग. त्याला माहीत नाही. हे जिना चढताहेत. मी रागावलेला चेहरा करून बसते.